‘विष ओढणारा पंप’ : दोनदा वापरून पाहिल्यानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पेरणी आटोपून वावरात निंदणाच्या बाया लागायच्या बेतात असताना, मी एका ऑनलाइन दुकानावरून दंशावरच्या प्रथमोपचाराचा एक संच मागवला. जाहिरातीत त्याला ‘विष ओढणारा पंप’ म्हटले होते, किंमत ६४९ रुपये होती आणि साप, विंचू, विषारी कोळी, गांधीलमाशी, मधमाशी अशा सगळ्यांच्या दंशावर तो चालतो, असा दावा होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय १८ किलोमीटर दूर आहे, पावसाळ्यात मधला नाला भरला की रस्ता दोन-तीन तास बंद पडतो, आणि आमच्या सात एकर कपाशी-तुरीत हंगामात दहा-बारा बाया कामाला असतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरात, वावरात आणि शाळेत असे काहीतरी हाताशी असावे, असे मला मनापासून वाटले होते. हा संच सहा महिने आमच्या घरात होता आणि दोनदा वापरला गेला. दुसऱ्या वेळी त्याच्यावर विसंबल्यामुळे घरातले एक माणूस हातचे जाता जाता वाचले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी वस्तूविषयी. पिवळ्या प्लास्टिकची, टिफिनच्या लहान डब्याएवढी डबी आहे आणि तिचे झाकण घट्ट बसते. आत इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजसारखा पंप आहे, त्याच्या तोंडाला लावायच्या लहान-मोठ्या चार वाट्या आहेत, दंशाच्या जागेचे केस काढण्यासाठी एक ब्लेडचे पाते आहे, हातपाय आवळून बांधायची नाडी आहे आणि स्पिरिटच्या चार पुड्या आहेत. अंगठ्याने दांडा दाबला की वाटीखालची कातडी फुग्यासारखी वर ओढली जाते. प्लास्टिक चांगल्या प्रतीचे आहे आणि पंपाची ओढ खरोखर जोरकस आहे, त्यामुळे हाती घेताच विश्वास बसतो. वापराची माहिती हिंदी आणि इंग्रजीत आहे, मराठीत एक अक्षर नाही. दंश होताच पंप लावावा आणि ३० मिनिटे लावून ठेवावा, असे तिच्यात छापलेले आहे. ‘ताबडतोब रुग्णालयात जावे’ हे वाक्य शेवटच्या घडीत, इतक्या बारीक अक्षरांत आहे की चष्मा लावल्याशिवाय ते मला दिसले नव्हते.

डबीवर काळ्याभोर, तुकतुकीत कोळ्याचे चित्र आहे आणि त्याच्या पोटाखाली वाळूच्या घड्याळासारखी तांबडी खूण आहे. हा अमेरिकेतला ‘ब्लॅक विडो’ कोळी. त्याच्या लॅट्रोडेक्टस या गटातल्या काही जाती भारतातही नोंदलेल्या आहेत, पण त्यांचे दंश आपल्याकडे फार विरळ. त्यांच्या विषातला अल्फा-लॅट्रोटॉक्सिन हा घटक मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली रसायने एकदम बाहेर सोडायला लावतो. त्यामुळे चावलेल्या जागेपासून वर चढत जाणारी वेदना, पोटाचे स्नायू फळीसारखे ताठ होणे, दरदरून घाम आणि वाढलेला रक्तदाब अशी लक्षणे दिसतात. ऑस्ट्रेलियात याच गटातल्या ‘रेडबॅक’ कोळ्यावर १९५६ पासून प्रतिविष आहे. तिथलाच सिडनीचा ‘फनेल-वेब’ हा कोळी माणसाला खरोखर मारू शकणारा आहे, पण १९८१ साली त्याच्यावरही प्रतिविष तयार झाले आणि तेव्हापासून त्याच्या दंशाने कोणी दगावल्याची नोंद नाही. भारतात कोळ्याच्या विषावरचे प्रतिविष तयार होत नाही आणि सर्पदंशावरचे प्रतिविष, ज्याला आपण लस म्हणतो, ते कोळ्याच्या दंशावर चालत नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण गावात अनेकांची समजूत अशी आहे की दवाखान्यात ‘विषाचे इंजेक्शन’ एकच असते आणि ते सगळ्यांना चालते.

जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातल्या थोड्या सोडल्या तर सगळ्यांनाच विष असते, पण ते माश्या-किडे मारण्यापुरते. माणसाला गंभीर इजा करू शकणाऱ्या जाती बोटांवर मोजता येतील एवढ्याच. आपल्या भागात रोज दिसणारे कोळी म्हणजे भिंतीवर रात्री झुरळे पकडणारा तो मोठा चपटा कोळी, पऱ्हाटीच्या दोन झाडांमध्ये जाळे विणून त्यात पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली काढणारा कोळी आणि पानापानावर उड्या मारत मावा-तुडतुडे टिपणारे काटेरी पायांचे छोटे कोळी. हे सगळे शेतकऱ्याच्या कामाचे आहेत आणि फवारणीत तेही मरतात, याचे मला वाईट वाटते. दर्यापूरच्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयात कोळ्यांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. अशा ठिकाणी शाळेच्या पोरांना नेऊन हे जीव एकदा जवळून दाखवले पाहिजेत, असे मी गेली दोन वर्षे म्हणते आहे.

पंप पहिल्यांदा वापरला तो ऑगस्टमध्ये. माझ्या जाऊबाई निंदण करत असताना कपाशीचे एक गुंडाळलेले पान त्यांच्या हाताने उलगडले गेले आणि आतल्या पांढऱ्या घरट्यातल्या कोळ्याने करंगळीच्या बाजूला चावा घेतला. कोळी त्यांनी स्वतः पाहिला. पिवळसर फिकट अंग आणि पुढे काळपट जबडे, असे त्यांनी सांगितले. पानाची वळकटी करून तिच्यात पिशवीसारखे घर करणारा हा कोळी चावला की गांधीलमाशीसारखी आग होते, जागा लाल होऊन सुजते आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत सगळे आपोआप शमते. त्या दिवशी हे मला माहीत नव्हते. घरून डबी आणेपर्यंत अर्धा तास गेला, मग मी लहान वाटी लावून पंप ओढला. वाटीत पाण्यासारखा पातळ, गुलाबी थेंब जमा झाला. तो पाहून भोवतालच्या सगळ्या बाया म्हणाल्या, “पाहा, इख निघालं.” तासाभरात आग कमी झाली. दुसऱ्या दिवशी चाव्याची खूण जेमतेम दिसत होती, पंपाने उठवलेले जांभळे वर्तुळ मात्र आठ दिवस राहिले.

तो थेंब विषाचा नव्हता. कातडी जोरात ओढली की कुणाच्याही हातातून तसा द्रव येतो. नंतर मी माझ्या स्वतःच्या दंडाला, जिथे कधी काही चावलेले नाही तिथे, पंप लावून पाहिला, सुईने किंचित टोचल्यावर अगदी तसाच गुलाबी थेंब आला. जाऊबाईंना आराम पडला तो वेळेने आणि थंड पाण्याच्या घडीने. पण श्रेय मिळाले पंपाला. गावभर बोलबाला झाला, दोन घरांनी तो मागवला, आणि पुढे आमच्या घरात जे घडले त्याचे मूळ या पहिल्या ‘गुणा’त होते, हे मला आज स्पष्ट दिसते.

सप्टेंबरमध्ये, पोळा होऊन काही दिवस झाले होते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, उकाड्यामुळे ओसरीत खाली सतरंजी टाकून झोपले होते. रात्री अडीचच्या सुमारास ते उठले. पोट दुखते म्हणाले, मळमळ होते म्हणाले, आणि मनगटाजवळ काहीतरी टोचल्यासारखे वाटले होते असे सहज सांगितले. बॅटरीच्या उजेडात आम्ही मनगट पाहिले. सूज नाही, रक्त नाही, लाली नाही. एक टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो की नाही, इतकेच. आमच्याकडे जुनी माणसे कोळ्याला कातीण म्हणतात. मामाजीच म्हणाले, “काई नाई वं, कातीन चावली असन. तो तुझा पंप लाव.”

मी पंप लावला. कागदावर ३० मिनिटे लिहिले होते, म्हणून घड्याळ समोर ठेवून ३० मिनिटे लावला. आत्याबाईंनी चहा केला, तो मामाजींना गिळता येईना, तेव्हाही आम्हाला वाटले की मळमळीमुळे नको म्हणत असतील. मग माझ्या यजमानांनी त्यांच्या चेहऱ्यावर उजेड धरला आणि म्हणाले की बाबांचे डोळे असे का दिसतात. दोन्ही पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. झोपेने जड होतात तशा त्या नव्हत्या. मामाजी पूर्ण जागे होते, आम्हाला पाहण्यासाठी मान मागे टाकत होते, आणि पापण्या काही केल्या वर जात नव्हत्या. तेव्हा तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. शेजारच्या दोघांनी भगताकडे न्यावे असे सुचवले. यजमानांनी कोणाचेही न ऐकता १०८ ला फोन लावला. नाल्याला पाणी कमी होते, हे आमचे नशीब. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते.

रात्रपाळीच्या डॉक्टरांनी जे केले ते मला रेघ न रेघ आठवते. त्यांनी कोणता प्राणी चावला हे विचारण्यात वेळ घालवला नाही. मामाजींना छताकडे पाहायला सांगितले, जीभ बाहेर काढायला सांगितली, आणि एका दमात एक, दोन, तीन असे जितके आकडे म्हणता येतील तितके म्हणायला लावले. मामाजी अकरावर थांबले. थोडेसे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन ती नळी टेबलावर उभी ठेवली आणि २० मिनिटे तिला कोणी हात लावायचा नाही असे परिचारिकेला बजावले. २० मिनिटांनी नळी तिरपी केली, तर रक्त गोठलेले होते. घोणस किंवा फुरसे चावले असते तर ते पातळच राहण्याचा संभव होता. सूज नाही, दुखणे नाही, रक्त गोठते आहे, पण पापण्या पडल्या आहेत, पोट दुखते आहे आणि माणूस जमिनीवर झोपलेला होता. डॉक्टर म्हणाले, ही मण्यार आहे. लस नळी पाहण्याआधीच, पापण्या पाहूनच सुरू केली होती. दहा कुप्या सलाइनमधून गेल्या. दुसऱ्यांदा आकडे म्हणायला लावले तेव्हा मामाजी सातवर थांबले, आणि त्याच क्षणी डॉक्टरांनी जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात नेण्याची व्यवस्था केली. तिथे मामाजी चार दिवस कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर होते. नवव्या दिवशी चालत घरी आले.

मण्यारीचे दात बारीक असतात, ती बहुधा रात्री झोपेत चावते, चावा दुखत नाही आणि खूण अनेकदा दिसतच नाही. म्हणून खेड्यात तिच्या दंशाला ‘कातीण’, ‘किडा’, ‘मुंगळा’ अशी नावे पडतात आणि पहाट होईपर्यंत माणसाचा श्वास अडकतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८ हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक आमच्यासारख्या गावांतली आहेत. कोळ्याच्या दंशाने होणारे मृत्यू त्यापुढे नगण्य आहेत. या संचाने आमच्या मनात नेमका उलटा क्रम बसवला होता. डबीवर चित्र कोळ्याचे, भीती कोळ्याची, आणि उपाय म्हणून हाती हा पंप.

पंप विष ओढू शकतो का, याची तपासणी झालेली आहे. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांच्या पायात विषासारखा, पण निरुपद्रवी आणि किरणोत्सारी खूण असलेला द्रव टोचून तीन मिनिटांनी असाच पंप लावला गेला. वाटीत द्रव पुष्कळ आला, पण टोचलेल्या ‘विषा’पैकी त्यात ०.०४ टक्के एवढेच होते, म्हणजे दहा हजार भागांतले चार. उरलेले जवळजवळ सगळे अंगातच राहिले. कारणही समजण्यासारखे आहे. दात बाहेर निघताच कातडीतली वाट मिटते आणि विष ऊतकांत पसरून पुढे जाऊ लागते, वरून ओढले तर फक्त वरचे पाणी येते. डुकरांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात तर वाटीखालच्या कातडीलाच इजा झाल्याचे दिसले.

संचातल्या पात्याविषयी आणि नाडीविषयी माझी तक्रार पंपापेक्षा मोठी आहे. नाडी आवळून बांधली तर रक्तपुरवठा थांबून हात-पाय निकामी होऊ शकतो. पाते केस काढण्यासाठी दिले आहे असे छापले आहे खरे, पण दंशाच्या संचात पाते दिसले की आपल्याकडे माणूस त्याने चीर देणार, हे विकणाऱ्याला कळायला हवे. २०१२ साली आसामातल्या सदियाजवळ मोठे केसाळ कोळी चावल्याने हाहाकार झाला होता आणि दोन जण दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यांना आधी वैदूकडे नेऊन ब्लेडने जखमा कापल्या गेल्या होत्या, आणि मृत्यू विषाने झाले की या उपचाराने, अशी शंका डॉक्टरांनीच बोलून दाखवली होती. भारत आणि श्रीलंकेत झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पोसिलोथेरिया या मोठ्या केसाळ कोळ्यांच्या दंशाने स्नायूंत कित्येक दिवस गोळे येतात, हे खरे आहे. त्यावरही वेदनाशामक औषध आणि डॉक्टरांची देखरेख हाच इलाज आहे, कापाकापी नव्हे.

मामाजी घरी आल्यावरही पंपाची मागणी थांबली नाही, याचे मला फार वाईट वाटले. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या एका मुलीच्या मानेवर रात्रीतून भाजल्यासारखा लांबट पट्टा उठला. दिव्याभोवती जमणारा, तांबड्या-काळ्या पट्ट्यांचा एक बारीक किडा अंगावर चिरडला गेला की त्याच्या रसाने असे होते. तिथे साबणाने जागा धुणे पुरते. त्याच आठवड्यात एका काकूंच्या काखेत न दुखणारी, काळी, गोल खपली दिसली आणि सोबत चार दिवसांचा ताप होता. ‘विषारी कातीण’ म्हणून त्यांच्यासाठी आमच्याकडे पंप मागायला आले. मी दिला नाही आणि त्यांना माझ्या गाडीवर बसवून रुग्णालयात नेले. तो स्क्रब टायफस निघाला. गवतातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिगर माइटच्या पिलांपासून होणारा हा ताप २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या भागात अनेकांना होऊन काहींचे प्राण गेले होते. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांनी काकू बऱ्या झाल्या. काळी खपली आणि ताप एकत्र दिसले तर तिला कोळ्याचा चावा म्हणून घरी बसू नये, एवढे तरी या निमित्ताने आमच्या गल्लीला कळले.

संचातल्या कामाच्या गोष्टी दोनच : स्पिरिटच्या पुड्या आणि डबी. ६४९ रुपयांत मला कृषी केंद्रात २६० रुपयांची चांगली बॅटरी मिळाली असती आणि उरलेल्यांत एक मच्छरदाणी. या दोन्ही वस्तू आम्ही नंतर घेतल्याच. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असतो, हे नेपाळच्या तराईत केलेल्या पाहणीत दिसले आहे. तिथेही घरे आणि झोपण्याच्या सवयी आमच्यासारख्याच आहेत. मामाजी आता बाजेवर, मच्छरदाणीत झोपतात आणि उकाड्याची तक्रार करतात, ती ऐकायला आम्हाला बरे वाटते. पऱ्हाट्या आणि तुराट्यांचे ढीग ओसरीला लागून रचायचे ते आम्ही कोठ्यापलीकडे हलवले. दंश झालाच तर हात-पाय न हलवता, काहीही न बांधता, न कापता, न चोखता थेट १०८, हे मी शाळेच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवले आहे आणि ते पुसू देत नाही.

विकणाऱ्याला मी सविस्तर लिहिले. परत करण्याची मुदत संपली, एवढेच उत्तर आले. जाहिरातीतून ‘साप’ हा शब्द काढावा आणि रुग्णालयात जाण्याची सूचना पहिल्या ओळीत, मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावी, अशी विनंती मी दुसऱ्यांदा पाठवली, तिला उत्तर नाही आणि जाहिरात आजही जशीच्या तशी आहे. पाचपैकी गुण द्यायचे तर मी एकही देत नाही. ज्या दोन घरांनी माझ्या सांगण्यावरून हा संच घेतला होता त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन झालेले सांगितले आणि त्यांचे पैसे त्यांना दिले.

डिसेंबरच्या शेवटी मामाजींना तपासणीला नेले तेव्हा डबी सोबत घेतली होती. पाते आणि नाडी मी आधीच काढून टाकली होती. त्या रात्रीच्या डॉक्टरांनी पंप हातात घेऊन दांडा दोनदा दाबून पाहिला आणि आशाताईंच्या पुढच्या बैठकीत दाखवण्यासाठी तो ठेवून घेऊ का, असे विचारले. तालुक्यात आणखी सहा-सात घरांत अशाच डब्या त्यांच्या पाहण्यात आल्या होत्या.